सफरचंदाच्या वडीतले पाणी

पाककृतींची पुस्तके आज्ञा करतात. ‘फोडी लहान कराव्यात’, ‘मिश्रण फार घोटू नये’, ‘पूर्ण गार झाल्यावरच वड्या पाडाव्यात’. असे का करायचे, हे मात्र ती क्वचितच सांगतात. आज्ञा पाळली की पदार्थ बहुधा जमतो. पण एखाद्या दिवशी वरून छान खरपूस दिसणारी वडी आतून गिच्च निघते. महागाची सफरचंदे, अक्रोड आणि लोणी वाया जाते आणि नेमके कुठे बिघडले ते कळत नाही. वर्गातही काहीसे असेच होते. ‘सोडा आणि आम्ल यांपासून कार्बन डायऑक्साइड मिळतो’ हे विद्यार्थी बिनचूक लिहितात. पण त्याच विद्यार्थ्याला बसका केक दाखवून ‘हा का फुगला नाही?’ असे विचारले, तर तो गप्प होतो.

म्हणून या लेखात आपण एकच पदार्थ घेऊ आणि त्यातल्या एकाच घटकाचा पाठपुरावा करू. पदार्थ आहे सफरचंद, अक्रोड आणि मसाला घालून भाजलेल्या वड्या. अमेरिकेत या प्रकाराला ‘बार’ म्हणतात. मिश्रण एका पसरट डब्यात भाजायचे आणि मग आपण बर्फीच्या पाडतो तशा चौकोनी वड्या पाडायच्या. आणि ज्याच्या मागे जायचे तो घटक म्हणजे पाणी. गंमत अशी, की साहित्याच्या यादीत पाण्याचे नावही नसते.

साहित्य आणि पाण्याचा हिशेब

२० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी डब्यासाठी साहित्य असे: मैदा २०० ग्रॅम (निम्मी कणीक चालेल), लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर १३० ग्रॅम, दही १०० ग्रॅम, सोललेल्या सफरचंदाच्या फोडी २५० ग्रॅम, अक्रोड ७० ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, दालचिनीची पूड एक छोटा चमचा, दोन लवंगांची पूड, चिमूटभर जायफळ आणि चिमूटभर मीठ. सगळे मिळून सुमारे ८६० ग्रॅम भरते.

आता यात पाणी किती ते पाहू. सफरचंदाच्या वजनाचा सुमारे ८५ टक्के भाग पाणी असतो. म्हणजे फोडींतून आले सुमारे २१२ ग्रॅम. दह्यातून साधारण ८८, लोण्यातून १६, कोरड्या दिसणाऱ्या मैद्यातूनही २५ आणि अक्रोडातून जेमतेम ३ ग्रॅम. बेरीज सुमारे ३४४ ग्रॅम. आपण वाटीभरही पाणी ओतलेले नाही, तरी मिश्रणाचा ४० टक्के भाग पाणी आहे आणि त्यातले साठ टक्क्यांहून अधिक एकट्या सफरचंदाने आणले आहे. या पाण्यातले किती उडाले, किती पिठाने धरून ठेवले आणि किती मोकळे राहिले, यावर वडीचे भवितव्य ठरते.

कोशिंबिरीची आठवण

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ फार आधी घातले की पाणी सुटते. हे परासरणाचे उदाहरण आहे. पेशींच्या बाहेर मिठाचे तीव्र द्रावण तयार होते आणि पेशीपटलातून पाणी बाहेर ओढले जाते. साखरही हेच करते. म्हणून सफरचंदाच्या फोडी साखरेच्या मिश्रणात घालून तासभर ठेवल्या, तर मिश्रण पातळ होते. फोडी सर्वांत शेवटी घालून डबा लगेच भट्टीत ठेवायचा, या सूचनेमागे हे कारण आहे.

परासरणाचा उलटा उपयोगही करता येतो. फोडींना दोन चमचे साखर चोळून अर्धा तास ठेवाव्यात आणि सुटलेले पाणी मंद आचेवर आटवून त्याचा पाक मिश्रणात घालावा. किंवा फोडी थोड्या लोण्यावर परताव्यात. परतण्याआधी आणि नंतर वजन केले, की किती पाणी घालवले ते नेमके कळते. २५० ग्रॅमच्या फोडी १८० ग्रॅमवर आणल्या, तर ७० ग्रॅम पाणी भट्टीत जाण्याआधीच गेलेले असते.

फोडी चिरून ठेवल्या की तपकिरी पडतात. चिरताना पेशी फुटतात. त्यांतील पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ नावाचे विकर, फिनॉल वर्गातील संयुगे आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र येतात आणि तपकिरी द्रव्ये बनतात. लिंबाच्या रसाने या विकराचे काम मंदावते. आम्लाचा दुसराही फायदा आहे. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने विरघळू लागते, पण आम्लामुळे ते सावकाश विरघळते. म्हणून आंबट आणि टणक सफरचंदाच्या फोडी भाजल्यावरही फोडी म्हणून ओळखू येतात. गोड, कमी आंबट आणि पिठूळ जातीचा मात्र लगदा होतो. आपल्या बाजारात ‘डिलिशस’ जातीची सफरचंदे भरपूर येतात. हिमाचलातील कोटगढच्या परिसरात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सॅम्युएल स्टोक्स यांनी या अमेरिकी जातीची लागवड सुरू केली. खायला ती छान, पण आंबटपणा बेताचा. ती वापरायची तर फोडींना चमचाभर लिंबाचा रस लावावा.

देणारा आणि घेणारा

डबा भट्टीत गेला की मिश्रण हळूहळू तापते. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन घटना घडतात. सफरचंदाच्या पेशींची पटले निकामी होतात आणि आत कोंडलेले पाणी बाहेर येऊ लागते. साधारण त्याच सुमारास मैद्यातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगू लागतात. खळ किंवा पिठले शिजताना एकाएकी दाट होते, ते याच क्रियेमुळे. म्हणजे पाणी देणारा आणि पाणी घेणारा हे दोघे जवळजवळ एकाच वेळी कामाला लागतात. या दोघांचा मेळ बसला तर वडी ओलसर पण सुटी होते.

हा मेळ दोन कारणांनी बिघडतो. पहिले कारण फोडीचा आकार. मोठ्या फोडीतून एकाच जागी पुष्कळ पाणी सुटते. शेजारच्या पिठाला ते सगळे पेलत नाही आणि फोडीभोवती चिकट ओला थर राहतो. सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान फोडी केल्या तर तेच पाणी सगळीकडे वाटले जाते. दुसरे कारण साखर. साखर स्वतः पाणी धरून ठेवते आणि स्टार्चचे फुगणे अधिक तापमानाकडे ढकलते. ‘गोड जास्त आवडते’ म्हणून साखर दीडपट केली, तर वडी नुसती गोड होत नाही, आत कच्चीही राहू शकते.

पाण्याला तिसराही गिऱ्हाईक आहे, मैद्यातील प्रथिने. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने पाण्याबरोबर मळली गेली की ग्लुटेनचे लवचिक जाळे बनते. पोळीला ते हवे असते, वडीला नको. लोण्यामुळे प्रथिनांवर स्निग्ध थर बसतो आणि त्यांना पाणी सहज मिळत नाही. मोहन घातल्याने शंकरपाळे खुसखुशीत होतात, त्याचे कारणही हेच. म्हणून दही घातल्यावर मिश्रण हलक्या हाताने जेमतेम एकत्र करायचे, घोटत बसायचे नाही.

फुगवणारे वायू

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पुरेसे आम्ल मिळाले तर एक ग्रॅम सोड्यापासून खोलीच्या तापमानाला सुमारे २८५ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड मिळतो. (८४ ग्रॅमपासून सुमारे २४ लिटर, हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.) इथे दह्यातील लॅक्टिक आम्ल ते काम करते. आम्ल नसेल तर सोडा नुसत्या उष्णतेने विघटन पावतो. मग वायू निम्माच मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा उरतो. ‘फुगावे म्हणून थोडा जास्त सोडा’ घातलेल्या पदार्थाला साबणासारखी चव येते, ती यामुळे.

बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडे आम्लधर्मी क्षार आणि थोडा स्टार्च एकत्र असतात. डब्यात ती शांत राहते, कारण पाणी मिळाल्याशिवाय आम्ल आणि सोडा यांची नीट भेट होत नाही. इंग्लंडमधील अल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये असे मिश्रण तयार केले. त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, म्हणून त्यांना यीस्टवाचून फुगणारा पाव हवा होता.

वडी फुगवण्यात पाण्याचाही हात असतो. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशाला सुमारे १.७ लिटर वाफ होते. वायूने तयार केलेल्या बुडबुड्यांत ही वाफ शिरते आणि त्यांना मोठे करते. तोवर भोवतालचे स्टार्च आणि प्रथिने घट्ट झाली, तर बुडबुडे टिकतात. ती घट्ट होण्याआधीच डबा बाहेर काढला, की वाफ निवते, बुडबुडे आक्रसतात आणि वडी मध्ये बसते. भाजण्याच्या पहिल्या वीस मिनिटांत भट्टीचे दार उघडू नये, असे सांगतात त्याचे कारण हेच.

वर खरपूस, आत मऊ

भट्टीचे तापमान १८० अंश ठेवतात. तरीही ३५ ते ४० मिनिटांनंतर वडीचा मध्यभाग १०० अंशांच्या वर गेलेला नसतो. एक ग्रॅम पाणी २५ पासून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ कॅलरी उष्णता लागते. तेच पाणी १०० अंशांवर वाफेत बदलायला सुमारे ५४० कॅलरी, म्हणजे सातपटीहून अधिक. आत पाणी आहे तोवर येणारी बरीचशी उष्णता या बाष्पनात खर्च होते.

पृष्ठभागाची गोष्ट वेगळी आहे. तिथले पाणी उडून गेले की तापमान वर चढते. १४० अंशांच्या आसपास शर्करा आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले यांच्यात वेगाने अभिक्रिया होऊ लागते. तिच्यातून सोनेरी-तपकिरी रंग आणि भाजल्याचा खमंग वास निर्माण होतो. लुई कामिय माय्यार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये ही अभिक्रिया प्रथम मांडली, म्हणून तिला त्याचेच नाव आहे. थोडक्यात, तपकिरी रंग म्हणजे ‘इथले पाणी संपले’ अशी पाटी आहे. आत काय चालले आहे ते ती सांगत नाही. म्हणून रंगावर विसंबून डबा काढला तर फसगत होते. मध्यभागी विणायची सुई खुपसून पाहावी. सुई फोडीत गेली तर ओली निघणारच, अशा वेळी दुसऱ्या जागी पुन्हा पाहावे.

घरात भट्टी नसेल तर अनेक जण जाड बुडाच्या भांड्यात किंवा कुकरमध्ये मीठ अगर कोरडी वाळू पसरून, त्यावर तिवई ठेवून भाजतात. कुकर वापरायचा तर शिट्टी आणि रबरी रिंग काढलीच पाहिजे, म्हणजे आत दाब साठणार नाही. या पद्धतीत वडी शिजते, पण वरून फिकी राहते. कारण पुन्हा पाणीच. वाफ झाकणाखाली कोंडते, हवा दमट राहते आणि पृष्ठभाग कोरडा होत नाही.

कोकणातल्या घरांना यावरचा उपाय जुन्या काळापासून माहीत होता. काकडीचे धोंडस करताना पातेल्याच्या खाली तर आच असेच, शिवाय झाकणावरही निखारे ठेवत. वरून उष्णता मिळाली की माथाही खरपूस होतो. धोंडसाचा हिशेब आपल्या वडीहूनही कठीण आहे, कारण काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. तिथे पाणी घेण्याचे काम भाजलेला रवा करतो. रवा आधी भाजून काकडीच्या किसातच शिजवायचा आणि वेगळे पाणी घालायचे नाही, या परंपरेच्या सूचनांत देणाऱ्या-घेणाऱ्याचा तोच मेळ साधलेला दिसतो.

घरभर दरवळणारा वास

वड्या भाजत असताना घरभर दालचिनीचा वास पसरतो. दालचिनीचा मुख्य सुगंधी घटक सिनॅमाल्डिहाइड आहे. त्याचा उत्कलनबिंदू २४० अंशांच्या वर आहे आणि वडी तर आतून १०० अंशांपलीकडे जात नाही. मग वास येतो कसा? पाण्याच्या वाफेबरोबर ही तेले उत्कलनबिंदूच्या पुष्कळ खालीच निघून जातात. प्रयोगशाळेत यालाच बाष्प ऊर्ध्वपातन म्हणतात. लवंगेतील युजेनॉलही असेच जाते. म्हणजे घरात दरवळणारा वास हा वडीतून वजा झालेला वास असतो! मसाल्याची ताजी पूड पातळ केलेल्या लोण्यात कालवून घातली, तर ही स्निग्धविद्राव्य द्रव्ये सर्व मिश्रणात सारखी पसरतात.

सफरचंद डोंगराळ थंड प्रदेशातले, पण हा मसाला आपल्या कोकणातही होतो. नारळ-सुपारीच्या बागांत दालचिनी आणि जायफळ यांचे आंतरपीक घेतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ ही जात दिली आहे. जायफळाचे प्रमाण मात्र चिमटीपलीकडे नेऊ नये, मोठ्या मात्रेत ते विषारी ठरते.

अक्रोड: कोरड्याचे ओले होणे

अक्रोडात पाणी जेमतेम ४ टक्के आणि स्निग्धांश सुमारे ६५ टक्के असतो. असा कोरडा तुकडा ओल्या मिश्रणात दोन-तीन दिवस राहिला, की पाणी शोषून मऊ पडतो. तुकडे आधी मंद आचेवर भाजून घेतले, थोड्या लोण्यात घोळवले आणि निम्मे वरून पसरले, तर कुरकुरीतपणा जास्त टिकतो. अक्रोडातील स्निग्धांश बहुतांशी असंतृप्त असल्याने हवा, प्रकाश आणि उष्णता यांमुळे तो लवकर खवट होतो. एक तुकडा चाखल्याशिवाय अक्रोड वापरू नयेत. खवट वास भाजल्याने जात नाही. अक्रोडाऐवजी काजू, बदाम किंवा भाजलेले शेंगदाणेही चालतात.

इथे शिक्षकांसाठी एक महत्त्वाची सूचना. काही मुलांना अक्रोड-काजूसारख्या फळांची किंवा शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास घेणे कठीण होणे असे परिणाम काही मिनिटांत दिसू शकतात आणि प्रसंगी ते जिवावर बेततात. वर्गात असा पदार्थ वाटण्यापूर्वी पालकांना विचारलेच पाहिजे. ‘थोडेसे खाऊन पाहा’ असा आग्रह कधीही करू नये.

गार होईपर्यंत थांबा

भट्टीतून काढलेली गरम वडी मऊ असते, कारण लोणी वितळलेले, पेक्टिन सैल आणि फुगलेला स्टार्च अजून लिबलिबीत असतो. गार होताना स्टार्चचे रेणू जवळ येऊन घट्ट जाळे तयार करतात, लोणी गोठते आणि थोडे पाणीही उडून जाते. दहा मिनिटांनी ठोकळा डब्यातून काढून जाळीवर ठेवावा, नाहीतर वाफ बुडाशी निवून तळ ओला होतो. वड्या पाडायच्या त्या पुरत्या गार झाल्यावरच.

उरलेले पाणी मात्र अजून आपले काम करत असते. नानकटाई डब्यात कित्येक दिवस राहते. आपली वडी दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरू शकते. बुरशीला वाढायला मोकळे पाणी लागते. साखर त्यातले काही बांधून ठेवते, पण सफरचंदाने आणलेले पाणी इतके असते की सगळे बांधले जात नाही. म्हणून या वड्या दोन दिवसांत संपवाव्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत खाव्यात. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून बाकीची वडी खाऊ नये. बुरशीचे तंतू आतवर गेलेले असतात.

वर्गासाठी काही कामे

१. डब्याचे मिश्रणासह वजन करा. भाजून गार झाल्यावर पुन्हा करा. एक ग्रॅम सोड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणून वजनातील जवळजवळ सगळी घट पाण्याची मानता येईल. समजा १०० ग्रॅम घट झाली, तर ३४४ पैकी २४४ ग्रॅम पाणी वडीत राहिले. ते वडीच्या वजनाच्या किती टक्के?

२. निम्म्या मिश्रणात कच्च्या फोडी आणि निम्म्यात परतलेल्या फोडी घालून दोन लहान डबे एकाच वेळी भाजा. बाकी सर्व सारखे ठेवा. एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, याची चर्चा करा.

३. तीन बश्यांत दही घ्या. एकीत सोडा घालू नका, दुसरीत चिमूटभर आणि तिसरीत चमचाभर घाला. प्रत्येकीत चिमूटभर हळद टाका. कोणत्या बशीत हळद लालसर होते? आम्लाला पुरून उरलेला सोडा ती दाखवते.

४. सफरचंदाच्या फोडींचे तीन गट करा: एकाला साखर, एकाला लिंबाचा रस, एकाला काहीच नाही. अर्ध्या तासाने रंग पाहा आणि सुटलेले पाणी मोजा.

खाण्याचा पदार्थ स्वयंपाकघरातील साहित्यानेच करावा. प्रयोगशाळेतील बाटल्यांतला सोडा आणि तिथली भांडी यासाठी मुळीच वापरू नयेत.

हे सारे केल्यावर पाककृतीतल्या आज्ञा वेगळ्या वाचता येतात. ‘फोडी लहान कराव्यात’ म्हणजे पाणी सगळीकडे वाटावे. ‘घोटू नये’ म्हणजे प्रथिनांना पाणी मिळू देऊ नये. ‘गार झाल्यावर पाडाव्यात’ म्हणजे स्टार्चला घट्ट व्हायला वेळ द्यावा. कारण कळले, की सफरचंदाऐवजी पेरू, नासपती किंवा लाल भोपळा हाती आला तरी अडत नाही. पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: याच्यात पाणी किती आहे आणि ते कोण घेणार आहे?